लहान रुळांवरच्या गप्पा

वाचकहो, आगगाडीचं खेळणं आणि आगगाडीची प्रतिकृती यांत फरक कोणता, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय उत्तर द्याल? एक स्वस्त, दुसरी महाग. एक मुलांची, दुसरी मोठ्यांची. एक किल्लीवर चालते, दुसरी विजेवर. ही सगळी उत्तरं थोडीथोडी बरोबर आहेत. पण ज्यांना या गाड्यांचा नाद लागला आहे त्या मंडळींत जाऊन बसा. तिथं कुणाच्या हातात नवा डबा पडला की ‘केवढ्याला मिळाला?’ हा प्रश्न मागाहून येतो. पहिला प्रश्न असतो, ‘किती पटीनं लहान?’ खेळण्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. खेळण्यातलं इंजिन डब्याहून मोठं असलं तरी मुलाचं काही अडत नाही. प्रतिकृतीला मात्र माप लागतं, आणि माप आलं की त्याच्यामागून हिशेब येतो, इतिहास येतो आणि वादही येतो.

या मंडळींच्या गप्पा अगदी साध्या असतात. ‘माझं इंजिन सांध्यावर आलं की अडतं रे.’ ‘चाकं पुसलीस का?’ ‘पुसली.’ ‘मग रूळ पितळेचे असतील. जर्मन सिल्व्हरचे घाल.’ बाहेरच्या माणसाला यात काही अर्थ लागायचा नाही. पण यातल्या प्रत्येक वाक्यामागं कारण आहे. या गाडीला वीज मिळते ती रुळांतून, चाकांच्या वाटेनं. रुळावर काजळी किंवा धूळ बसली की वीज पोचत नाही. पितळ हवेनं काळवंडतं आणि तो थर वीज अडवतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. तोही काळवंडतो, पण त्याचा थर इतका त्रास देत नाही. राहिला सांधा. दोन रूळ जिथं एकमेकांना छेदतात तिथं मधला तुकडा पुष्कळदा बिनविजेचा ठेवावा लागतो. लांब इंजिन त्याच्यावरून सहज जातं, कारण त्याचं एखादं तरी चाक पलीकडच्या जिवंत रुळावर टेकलेलं असतं. आखूड इंजिन नेमकं तिथंच थबकतं.

मग कुणी खडीचा विषय काढतो. खडी म्हणून बारीक चाळलेली वाळू पसरावी, तिच्यावर पाणी घातलेला पांढरा गोंद थेंबथेंब सोडावा, आणि त्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. साबणानं पाण्याचा ताण मोडतो, त्यामुळं गोंद वाळूवरून ओघळून न जाता आत मुरतो. हे ज्ञान एकानं दुसऱ्याला सांगितलेलं असतं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पावसाळ्यात फळी फुगून रूळ वाकडे झाल्याची तक्रार ऐकता ऐकता चौथाही ते शिकून जातो.

आता या मापांची थोडी कुळकथा सांगतो. जर्मनीत ग्योपिंगेन नावाच्या गावी १८५९ साली मेर्कलिन नावाच्या कुटुंबानं पत्र्याच्या खेळण्यांचा धंदा सुरू केला. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत या मेर्कलिननी किल्लीची आगगाडी मांडली. गाड्या त्यापूर्वीही होत्या. नवी गोष्ट होती ती निराळीच. या गाडीचे रूळ ठरावीक रुंदीचे होते. यंदा थोडे घ्या, पुढच्या वर्षी आणखी जोडा, नंतर एखादा सांधा घ्या, म्हणजे तुमची रेल्वे वाढत जाईल. रुंदीला त्यांनी क्रमांक दिले. विसाव्या शतकात घरं लहान झाली तशा गाड्याही लहान झाल्या. ‘शून्य’ नावाचं ३२ मिलिमीटर रुंदीचं माप आलं, आणि त्याचं निम्मं म्हणून ‘अर्धं शून्य’ आलं. तेच आज जगभर ‘एचओ’ म्हणून ओळखलं जातं. यात रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर आणि प्रमाण सत्त्याऐंशीस एक. म्हणजे खऱ्या गाडीतले सत्त्याऐंशी मीटर इथं एका मीटरात बसतात.

इथपर्यंत सगळं ठीक. घोटाळा झाला इंग्लंडात. तिथल्या आगगाड्या युरोपातल्या गाड्यांहून अंगानं बारीक. त्यांचं इंजिन सत्त्याऐंशीस एक या प्रमाणात केलं तर त्या काळची विजेची मोटर त्याच्या पोटात मावेना. मग त्यांनी युक्ती केली. इंजिन थोडं मोठं, सुमारे शहात्तरास एक या प्रमाणात करायचं आणि रूळ मात्र तेच, साडेसोळा मिलिमीटरचे ठेवायचे. फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीनं १९३८ साली काढलेल्या ‘हॉर्नबी डब्लो’ गाड्या याच मापाच्या. मुलांना काही खटकलं नाही. पण ज्यांच्या डोळ्यांत माप बसलं होतं त्यांना ती गाडी अरुंद रुळांवर तोल सावरत चाललेल्या जाड्या माणसासारखी दिसू लागली. १९६०च्या दशकात काही मंडळींनी हट्टच धरला की रूळ १८.८३ मिलिमीटरच हवेत. फरक किती? सव्वादोन मिलिमीटरांहून थोडा अधिक. पण त्यासाठी चाकं, आस, सांधे, सगळं हातानं नव्यानं करण्याची त्यांची तयारी होती. यावरचा वाद तिथं अजून मिटलेला नाही, आणि मिटावा अशी कुणाची फारशी इच्छाही दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, इंग्रजांच्या सव्वादोन मिलिमीटरांशी आपल्याला काय करायचं? पण आपली अडचण त्यांच्याहून मोठी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरून. म्हणजे आजच्या मापात १६७६ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतली रुळांची नेहमीची रुंदी १४३५. सत्त्याऐंशीनं भागून पाहा. आपला रुंद मार्ग एचओ मापात सव्वाएकोणीस मिलिमीटरांच्या आसपास यायला हवा. बाजारात मिळतात ते रूळ मात्र साडेसोळाचे. तेव्हा आपल्याकडच्या छांदिष्टापुढं दोनच वाटा राहतात. विकतचे रूळ घ्यायचे आणि आपलं इंजिन परक्या मापावर चालवायचं, नाहीतर रूळ घरी करायचे. पहिल्या वाटेनं गाडी संध्याकाळपर्यंत पळू लागते. दुसऱ्या वाटेनं गेलं तर वर्ष जातं, पण शेवटी जी गाडी उभी राहते ती आपली असते. ज्याला जी वाट परवडेल ती त्यानं धरावी. पण आपण कुठली तडजोड केली हे त्याला ठाऊक हवं. गंमत अशी की आपल्या अडीच फुटी रुळांना, म्हणजे ज्या मापाची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली त्या मापाला, हिशेब आपोआप जुळतो. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. एका धाकट्या मापाचे मुख्य रूळच ते. मोठ्या रेल्वेला जे साधत नाही ते धाकटीला साधतं.

अशा गप्पांतून काय निष्पन्न होतं, असं कुणाला वाटेल. त्याला एक हकिगत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात १९४६ साली विद्यार्थ्यांनी आगगाड्यांच्या प्रतिकृतींचं एक मंडळ काढलं. त्यात दोन प्रकारची मुलं होती. काहींना डबे रंगवण्यात आणि डोंगर करण्यात गोडी, तर काहींना फळीच्या खालच्या तारांत. या दुसऱ्या मुलांनी टेलिफोनचे जुने खटके गोळा करून सबंध मांडणीचं नियंत्रण त्यांच्यावर बसवलं. त्यांच्या बोलण्यात स्वतःचे शब्द तयार झाले. डोकं लढवून केलेल्या नामी करामतीला ते ‘हॅक’ म्हणत. १९५९ साली त्यांच्यातल्या पीटर सॅमसन नावाच्या विद्यार्थ्यानं अशा शब्दांचा एक छोटा कोशच केला. पुढं त्याच मुलांच्या हाती विद्यापीठातले संगणक आले, आणि ‘हॅकर’ हा शब्द त्या फळीखालून निघून सगळ्या जगात गेला. आज तो चोरट्यांना लावला जातो. मुळात तो अडलेला सांधा चालता करणाऱ्याला लावलेला होता.

त्याहून जुनी गोष्ट जपानची. १८५४ साली अमेरिकेचा आरमारी अधिकारी पेरी यानं योकोहामाला जपानी सरकारला एक नजराणा दिला. वाफेवर चालणारी, खऱ्याच्या चौथाई आकाराची आगगाडी, रुळांसकट. डबा इतका लहान की आत बसणं अशक्य. एका जपानी अधिकाऱ्यानं मग टपावरच बैठक मारली आणि अंगरखा वाऱ्यावर उडवत फेऱ्या मारल्या. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, सागा या संस्थानात तानाका हिसाशिगे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाफेच्या इंजिनाची स्वतःची प्रतिकृती करून चालवली. हा तानाका म्हणजे पुढं ज्या उद्योगातून तोशिबा कंपनी निघाली त्याचा मूळ पुरुष. जपानात खरी आगगाडी धावली ती १८७२ साली. म्हणजे तिथं प्रतिकृती आधी आली आणि आगगाडी मागून. लहान वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहता येते; मोठीपुढं माणूस नुसता चकित होऊन उभा राहतो.

आता आपल्या पुण्याकडं वळू. पुण्यातल्या कितीतरी घरांत आगगाडीचं वेड शिरलं ते पेशवे पार्कातल्या फुलराणीमुळं. १९५६ साली ती सुरू झाली. ती काही मापातली प्रतिकृती नव्हे, मुलांना बसवून फिरवणारी छोटी गाडी. पण रूळ, फलाट आणि शिट्टी यांचं नातं तिनं मनात पक्कं केलं. मापातल्या गाड्यांचं पुण्यातलं नाव मात्र जोश्यांचं. भाऊसाहेब जोशी यांनी लहानपणापासूनचा छंद वाढवत नेला आणि कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळ, संगम प्रेसच्या बाजूला १ एप्रिल १९९८ रोजी त्यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तिथं नुसत्या गाड्या नाहीत, एक आख्खं छोटं शहर आहे. रस्ते, पूल, सिग्नल, दिव्यांचे खांब, सर्कस. दिवस मावळतो आणि खिडक्याखिडक्यांतून दिवे लागतात. जर्मनीत हाम्बुर्गला ‘मिनिआटुर वुंडरलांट’ नावाचं अशाच प्रकारचं प्रचंड प्रदर्शन आहे आणि जगभरचे लोक ते पाहायला जातात. ते उघडलं २००१ साली. पुण्याचं त्याच्याआधी तीन वर्षं.

पण मला इथं बोलायचं आहे ते घरातल्या फळीवरच्या रेल्वेबद्दल, आणि त्यासाठी उदाहरण घेऊ आपल्या घाटाचं. मुळशी तालुक्यातल्या जांबे गावात आगगाडी नाही. जवळचे रूळ म्हणजे आकुर्डी-देहूरोडकडचे, पुणे-लोणावळा मार्गावरचे. खंडाळा ते पुणे हा टप्पा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. पण खाली कोकणात उतरायला घाट पुरा झालेला नव्हता. तेवढा भाग लोकांनी पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी ओलांडायचा. बोरघाटाचा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथं येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीनं, ॲलिसनं, ठेका हाती ठेवून काम पार पाडलं. हजारो मजुरांचा या घाटात बळी गेला, त्यांची नावं मात्र कुठल्या खांबावर नाहीत.

समजा, जांब्याच्या एखाद्या घरातल्या मुलानं हा घाट एचओ मापात करायचं मनात घेतलं. घाटाची लांबी सुमारे पावणेसोळा मैल, म्हणजे पंचवीस किलोमीटर. सत्त्याऐंशीनं भागा. दोनशे नव्वद मीटर. चढण सुमारे १८३१ फूट, ती मापात सहा मीटरांहून अधिक. म्हणजे दोन मजले फोडावे लागतील. तेव्हा सगळा घाट घरात येणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं? पंचवीस बोगद्यांपैकी किती? चढ खरा ठेवायचा तर सदतिसास एक हवा. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला दहा सेंटीमीटर उंची लागते असं धरलं, तर तेवढं चढायला तीन मीटर सत्तर सेंटीमीटर फळी पाहिजे. आणि जिथं गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लावलं जाई ते जुनं उलटं स्थानक ठेवायचं की नाही? १९२९ साली ते बंद झालं. ते ठेवलं तर विजेची इंजिनं घाटात आणता येणार नाहीत. विजेची इंजिनं आणली तर ते ठेवता येणार नाही.

म्हणून या मंडळींत जुने लोक नव्या माणसाला एकच उपदेश करतात, ‘आधी साल ठरव.’ दख्खनची राणी करायची आहे? कुठल्या सालची? १ जून १९३० रोजी ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या; एक रुपेरी, शेंदरी पट्ट्यांची; दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. डब्यांच्या सांगाड्याचा खालचा भाग विलायतेतून आलेला, वरचं काम माटुंग्याच्या कारखान्यातलं. १९६६ साली पेरांबूरचे नवे डबे आले. २०२२ साली पुन्हा नव्या पद्धतीचे डबे लागले. १९३०चा रंग आणि १९६६चा डबा एकत्र केला तर बाहेरचा पाहुणा वाहवा करील. पण मंडळींतला कुणी तरी मान किंचित तिरकी करून म्हणेल, ‘छान झालीय. पण ही धावली कधी?’ या एका प्रश्नात इतिहासाचं सगळं शास्त्र आहे. जे जे खरं ते सगळं फळीवर मावत नाही; निवड करावी लागते. निवडलेल्या गोष्टी मात्र एका काळाच्या असाव्यात, आणि जिथं तडजोड केली तिथं ती उघडपणे सांगता यावी.

आणि आता जे सांगायचं आहे ते जांब्याच्या, मारुंजीच्या, नेऱ्याच्या, माणच्या वाचकांना विशेषेकरून. इंग्लंडात रॉय इंग्लंड नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. जन्मानं ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली तो इंग्लंडात आला, आणि ऑक्सफर्डजवळच्या खोऱ्यातली गवती छपरांची खेडी पाहून हरखला. थोड्याच काळात त्याला दिसलं की छपरांवर पत्रे चढताहेत आणि जुन्या भिंती पडताहेत. घरं वाचवणं त्याच्या हाती नव्हतं, मापपट्टी होती. तो घराघरांपुढं उभा राहून दार किती, खिडकी किती, चुलाण्याचं धुराडं किती हे टिपू लागला, आणि आगगाडीच्याच मापात ती घरं करू लागला. त्यातून १९५४ साली पेंडन नावाचं संग्रहालय उभं राहिलं. तिथं आगगाडी आहे, पण लोक थांबतात ते त्या घरांपाशी. प्रत्यक्षातली कितीतरी पडली. मापातली शाबूत आहेत.

मुळशीकरांना हे सांगायला नको. याच तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला, आणि शेवटी धरण झालंच. कितीतरी गावं पाण्याखाली गेली. त्यांतल्या एखाद्या गावाची, नदीच्या पायऱ्यांसकट, देवळासकट, मापात केलेली प्रतिकृती आज आपल्या समोर असती तर? पोवाड्यानं आणि लेखानं त्या लढ्याची आठवण राखली. पण पाटलाच्या वाड्यापासून पाणवठा किती पावलांवर होता, हे पोवाडा सांगत नाही.

आज या भागावर पाणी येत नाही, पण सिमेंट येत आहे. हिंजवडीत संगणकाचे कारखाने आले आणि शेजारच्या गावांचं रूप बदललं. माणहून शिवाजीनगरला जाणाऱ्या सुमारे तेवीस किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. ज्या शिवारांतून आगगाडी कधी गेली नाही तिथं खांबांवरचे रूळ आले. याबद्दल रडायचं कारण नाही. रस्ता, दवाखाना, नोकरी कुणाला नको आहे? पण जांब्यात अजून उभ्या असलेल्या मातीच्या भिंतीचं माप घ्यायला आज अर्धा तास पुरतो. ती पडल्यावर तेच माप घ्यायला जन्म पुरणार नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी एक टेप घ्या, एक वही घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, कारण गोठा कुठं होता आणि मळणीचं खळं कुठं होतं हे त्यालाच ठाऊक. ओसरीची लांबी, दाराची उंची, कौलांच्या ओळी, विहिरीचा काठ. जे दिसेल ते मोजा आणि शेजारी तारीख लिहा. मग सत्त्याऐंशीनं भागा. सात फुटी दार साधारण अडीच सेंटीमीटरचं होईल. पुठ्ठ्यातून ते कातरता येतं. रूळ नंतर आणा, इंजिन त्याच्याही नंतर. चार घरांतल्या चौघांनी हे केलं की संध्याकाळी गप्पांना आपोआप विषय मिळेल. एक म्हणेल, विहीर अलीकडं होती. दुसरा म्हणेल, पलीकडं. भांडा, पण वही उघडी ठेवून भांडा. एचओ मापातलं गाव फळीवर फार जागा खात नाही, आणि त्यातल्या माणसांची उंची दोन सेंटीमीटरपेक्षा अधिक नसते. तरी आपला आजा त्यात कुठल्या ओसरीवर बसवायचा, हे ठरवायला घरातल्या सगळ्यांना एकत्र बसावं लागेल.